संपलेले सेल टाकावेत कुठे?

या पानावर आम्ही बहुधा बियाणे, खते, जनावरांचे रोग, मुलांचे जुलाब अशा गोष्टींविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा वाटेल, परंतु तो शेतीचाही आहे आणि आरोग्याचाही.

लिहायला बसण्यापूर्वी आम्ही आमच्याच घरातला टीव्हीखालचा खण, स्वयंपाकघरातली वरची फळी आणि गोठ्याशेजारची अवजारांची खोली धुंडाळली. रिमोटचे आणि भिंतीवरच्या घड्याळाचे मिळून अकरा बारीक सेल निघाले. जुन्या टॉर्चमधले तीन जाड सेल सापडले, त्यांतला एक फुटून त्यातून ओलसर क्षार बाहेर आलेला. मुलांच्या खेळण्यातली दोन चपटी बटणे, मोबाईलची फुगलेली एक बॅटरी, आणि पाठीवरच्या फवारणी पंपातली ती वजनदार काळी बॅटरी, जी दोन हंगामांपूर्वीच निकामी झाली होती. एवढे सारे एका घरात! कुणी मुद्दाम जमवले नव्हते. टाकावे कुठे हे ठाऊक नव्हते म्हणून ते पडून राहिले. जे पडून राहिले नाही ते केरात गेले, केर उकिरड्यावर गेला, आणि उकिरड्याचे काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात खत ओढताना आपल्यापैकी कित्येकांच्या पाटीत गंजलेला सेल आला असेल. आपण तो बांधावर भिरकावतो आणि पुढे चालू लागतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे खेड्यात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि तिच्यात घालतात तो ‘सेल’. ट्रॅक्टरची बॅटरी निराळी, मोबाईलची निराळी. कायद्याच्या भाषेत मात्र या सगळ्या बॅटऱ्याच. त्यांच्या पोटात काय आहे हे कळले म्हणजे कोणती कशी हाताळायची हे आपोआप कळते.

घड्याळाच्या साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. आत काळी पूड असते, ती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची. मधोमध कार्बनची कांडी आणि नवसागरासारखे क्षार. आमच्या लहानपणी मोठी मुले सेल दगडाने फोडून ती काळी पूड फळा काळा करायला नेत, आणि कांडीने भिंतीवर रेघोट्या ओढत. ही खोड अजून पुरती गेलेली नाही. मुलांना तिच्यापासून परावृत्त करावे. त्यातले मँगनीज काही परक्या मुलखातले नव्हे. आपल्या मध्य प्रदेशातील बालाघाट आणि महाराष्ट्रातील नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला माल सेलच्या कारखान्यांना लागतो. माणसे जमिनीत उतरून जे खणून काढतात, ते आपण घड्याळात वर्षभर वापरून पुन्हा मातीत फेकतो, तेही अशा ठिकाणी जिथून ते कुणालाच परत मिळत नाही.

आता अपायाचे. येथे खरे तेच सांगावे, उगीच भीती घालू नये. पूर्वी साध्या सेलांत पारा मिसळत असत. आता बहुतेक कारखान्यांनी तो सोडला आहे. तेव्हा आजचा रिमोटचा सेल म्हणजे काही विषाची पुडी नव्हे. एखादा चुकून केरात गेला म्हणून विहीर नासणार नाही. धोका आहे तो दुसऱ्या तीन वस्तूंत, आणि आपल्या घरात त्या दिवसेंदिवस वाढत आहेत.

पहिली वस्तू म्हणजे ती चपटी बटणे. खेळणी, वजनकाटा, गाडीच्या किल्लीचा रिमोट, गाणारी शुभेच्छापत्रे, यांतून ती घरात येतात. रुपयाच्या नाण्याएवढे लिथियमचे बटण लहान मुलाने गिळले आणि ते अन्ननलिकेत अडकले, तर आतल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते व तेथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होतो. दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. बटण ‘संपलेले’ असले तरी एवढी वीज त्याच्यात शिल्लक असते. घड्याळ चालत नाही म्हणून ते निरुपद्रवी झाले असे मुळीच नाही. मूल लाळ गाळते, खोकते, घास नको म्हणते. कधी काहीच लक्षण दिसत नाही आणि घरचे निर्धास्त राहतात.

असे झाल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मुलाला ओकारी काढायला लावू नये, खायला-प्यायला देऊ नये, सरळ एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. हातोदहून इंदूर वीसेक किलोमीटर आहे, तेव्हा वाहन मिळताच निघावे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि बटण गेल्याला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. मधाचा लेप दाह थोडा लांबवतो. परंतु मध शोधत बसून निघायला उशीर करू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊच नये. नाकात किंवा कानात बटण घातले असेल तर तेल वा औषधाचे थेंब न टाकता डॉक्टरांकडे न्यावे. आणि बटण बदलले की जुने तत्क्षणी चिकटपट्टीत गुंडाळून उंच ठेवावे. टेबलावर ‘मग टाकू’ म्हणून ठेवलेलेच मुलाच्या तोंडात जाते.

दुसरी वस्तू शिशाची बॅटरी. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, रोजडे व रानडुकरे अडवायला शेताभोवती लावलेल्या झटका मशीनची, आणि फवारणी पंपातली ती दोन-अडीच किलोची. तिच्या निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, बाकी बरेचसे गंधकाम्ल. शिसे शरीरात गेले की हाडांत ठाण मांडते. मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, रक्त कमी होते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळजवळ 80 कोटी मुलांच्या रक्तात शिसे काळजी करण्याइतके आहे, आणि त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे.

आफ्रिकेत सेनेगलची राजधानी डाकार हिच्या जवळ थियारॉय-सूर-मेर म्हणून वस्ती आहे. तेथे जुन्या बॅटऱ्यांचे शिसे मुरलेली माती गरीब बायका चाळून विकत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तेथील 18 लहान मुले दगावली. ती मुले कारखान्यात कामाला नव्हती. मातीत खेळत होती, एवढेच. आपल्या अंगणातही मुले मातीत खेळतात. म्हणून बॅटरी अंगणात उघडून तिचे पाणी ओतू नये, आणि शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तो ती कुणाकडे नेतो, तिचे आम्ल कोणत्या नाल्यात जाते, हे आपल्याला दिसत नाही.

तिसरी लिथियमची, मोबाईल व नव्या चार्जिंगच्या टॉर्चमधली. ही दाबली गेली, भोसकली गेली किंवा तिची दोन टोके धातूने जोडली गेली की पेट घेते. कचऱ्याच्या गाडीत कागद-प्लास्टिकबरोबर दाबली गेली तर अख्खी गाडी पेटू शकते. फुगलेली बॅटरी सुईने टोचून ‘हवा काढणारे’ लोक आम्ही पाहिले आहेत. असे कधीही करू नये. कोरड्या वाळूत, मातीच्या भांड्यात, घराबाहेर आणि चाऱ्याच्या गंजीपासून लांब ठेवावी, आणि लवकरात लवकर त्या मोबाईलच्या अधिकृत सेवा केंद्रात द्यावी.

हे सगळे सांगून झाल्यावर मुख्य प्रश्न उरतोच: द्यायचे कुठे?

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कोणीही उकिरड्यावर टाकत नाही. का? आपण फार जागरूक आहोत म्हणून? छे! नवी घ्यायला जातो तेव्हा दुकानदार जुनी घेऊन किमतीत सूट देतो म्हणून. 2001 साली केंद्र सरकारने शिशाच्या बॅटऱ्यांसाठी नियम केले, त्यांत विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी असे होते. दुकान एकच, फेरी एकच, आणि हातात थोडे पैसे. बारीक सेलाचे मात्र उलट आहे. तो दहा-पंधरा रुपयांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो, पण संपल्यावर त्याला कोणी विचारत नाही. आम्ही एका दुकानदाराला विचारून पाहिले की जुने सेल परत घ्याल का. तो बिचारा गल्ल्यावर बसून मनापासून हसला. उद्या बिस्किटांचे रिकामे पुडेही आणाल, म्हणाला. त्याचेही चूक नाही. त्याच्याकडून ते पुढे कोण नेणार?

कायदा नाही असे नाही. 2022 साली 2001 चे नियम बदलून नवे नियम आले. त्यांत घड्याळाच्या सेलापासून विजेच्या मोटारीच्या बॅटरीपर्यंत सर्व प्रकार धरले आहेत. संपलेला माल गोळा करून त्यातील धातू परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि ग्राहकाने तो इतर कचऱ्यात न मिसळता निराळा द्यावा असे म्हटले आहे. सेलवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारल्याचे चिन्ह असते, त्याचा अर्थ तोच. त्याआधी 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत असेही होते की, घरगुती घातक कचरा स्वीकारण्यासाठी शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे. कागदावर हे उत्तम. परंतु दोन सेल देण्यासाठी चार-पाच किलोमीटर कोण जाईल? आम्ही तरी जाणार नाही, आणि वाचकांनी जावे असे सांगण्याचा ढोंगीपणाही करणार नाही. उत्पादकावरची जबाबदारी गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत उतरलेली अजून दिसत नाही, आणि सगळे अडते ते तेथेच.

लोकांना सोय दिली तर ते करतात, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. इंदूर शहर काही जन्मजात स्वच्छ नव्हते. आमच्यातल्या जुन्या मंडळींना तेथील रस्त्यावरच्या ओसंडणाऱ्या कचरापेट्या चांगल्या आठवतात. मग पेट्या उचलल्या गेल्या आणि गाणे वाजवीत गाडी दाराशी येऊ लागली. 2017 साली हे शहर स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिले आले व पुढेही वर्षानुवर्षे तो मान त्याने राखला. या गाड्यांना निरनिराळे कप्पे आहेत: ओला कचरा, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड व डायपर, घरगुती घातक कचरा आणि विजेच्या वस्तूंचा. म्हणजे इंदूरच्या गृहिणीला सेलासाठी कुठेही जावे लागत नाही; दारातल्या गाडीच्या योग्य कप्प्यात टाकला की झाले. लोकांना व्याख्याने ऐकवून जे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते गाडी दारात आल्यावर झाले.

परदेशात दुकानांची वाट धरली. जर्मनीत 1998 पासून सेल विकणाऱ्या दुकानाने जुने सेल फुकट परत घेणे बंधनकारक झाले. दाराशीच खोके असते. पुढे 2006 च्या कायद्याने युरोपीय संघातल्या सर्व देशांना हीच पद्धत लावली आणि 2012 पर्यंत शेकडा 25, 2016 पर्यंत शेकडा 45 सेल गोळा झाले पाहिजेत असे ठरवले. 2023 च्या नव्या कायद्यात 2027 साठी शेकडा 63 व 2030 साठी 73 असे आकडे आहेत. एवढ्या सोयी असूनही पहिले उद्दिष्ट निम्म्याच्या खाली ठेवावे लागले, यावरून काम किती चिवट आहे ते दिसते. आपणांस ते एका महिन्यात जमले नाही तर खट्टू होऊ नये.

हातोद आणि आसपासची खेडी यांची गोष्ट दोहोंच्या मधली आहे. शहराची गाडी मळ्यापर्यंत येणार नाही, आणि दुकानदार आज तरी घेणार नाही. मग आपण जेथे नाहीतरी जातोच अशा जागी सेल पोचला पाहिजे. दुधाच्या संकलन केंद्रावर माणूस सकाळ-संध्याकाळ जातो. मूल शाळेत रोज जाते. आणि रविवारी मिस्साला येताना आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे एकाच दारातून आत येतात. अशा एखाद्या ठिकाणी एक बरणी असली तर सेलासाठी निराळी फेरी पडत नाही.

बरणीविषयी थोडे बारकाईने सांगतो, कारण येथे चुका होतात. पत्र्याचा डबा घेऊ नये. पत्र्यातून वीज वाहते आणि सेलांची टोके जोडली जाऊन ते तापतात. जाड प्लास्टिकची पाच लिटरची बरणी बरी. झाकण घट्ट लावू नये, त्याला दोन-चार भोके पाडावीत, म्हणजे सेलमधून वायू निघाला तर कोंडणार नाही. तोंड अरुंद असावे, लहान मुलाचा हात आत जाता कामा नये. उन्हात, चुलीजवळ किंवा ओल असलेल्या कोपऱ्यात ठेवू नये. घरून आणतानाच बटणांना, चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलांना आणि चार्जिंगच्या सेलांना टोकांवर चिकटपट्टी लावावी. साध्या बारीक सेलांनाही लावली तर उत्तमच. फुटलेला सेल हाताने न धरता कागदाने धरून निराळ्या पिशवीत बांधावा, नंतर हात धुवावेत. शिशाची व फुगलेली बॅटरी या बरणीत येणार नाही.

बरणी ठेवणे सोपे, रिकामी करणे अवघड. बहुतेक ठिकाणी उत्साह तेथेच संपतो, आणि दोन वर्षांनी ती धूळ खात भरलेली सापडते. म्हणून बरणी ठेवण्याआधीच दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. हातोद नगर परिषदेच्या कार्यालयात जाऊन त्यांच्या कचरागाडीवर घातक कचऱ्याचा कप्पा आहे काय, तो माल पुढे कुठे जातो, हे विचारावे. खेड्यांतल्या मंडळींनी ग्रामपंचायतीत विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर इंदूरला नातेवाईक असलेल्या एखाद्या घराने दर तीन महिन्यांनी पिशवी तेथे नेऊन त्यांच्या दारातल्या गाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यावी. हातोदमधून इंदूरला कामाला, कॉलेजला, मंडईला जाणाऱ्यांना काही तोटा नाही. मात्र एकाच माणसाचे नाव ठरवावे. ‘आपण सगळे बघू’ म्हटले की कोणीच बघत नाही.

आणि नगर परिषदेत गेलोच तर आणखी एक मागणी करावी: सेल विकणाऱ्या किराणा दुकानांत अशाच बरण्या ठेवाव्यात, आणि कचरागाडीने महिन्यातून एकदा त्या उचलाव्यात. दुकानदार नाही म्हणतो ते पुढे नेणारा कोणी नाही म्हणून. नेणारा ठरला, तर त्याला एक बरणी जड नाही.

गोळा झालेल्या सेलांचे पुढे काय होते? कारखान्यात ते भरडतात, लोखंड चुंबकाने वेगळे होते, कागद-प्लास्टिक बाजूला निघते आणि उरते ती जस्त-मँगनीजची काळी पूड. तिच्यातून धातू काढतात. फिनलंडमधील ट्रेसग्रो ही कंपनी तर अल्कलाइन सेलांतले जस्त व मँगनीज शुद्ध करून त्यांपासून पिकांवर फवारायचे सूक्ष्म अन्नद्रव्य बनवते. आपण गव्हाला, सोयाबीनला जस्त कमी पडते म्हणून झिंक सल्फेट पोत्याने आणतो, हे लक्षात घेतले की या गोष्टीचे नवल वाटते. यावर एखादा हुशार गडी म्हणेल, मग कारखाना कशाला, सेल फोडून पूड शेतातच टाकू! तसे करू नये. त्या पुडीत जस्ताबरोबर नको असलेले क्षार व इतर धातू असतात, प्रमाणाचा पत्ता नसतो, आणि चार्जिंगच्या काही जुन्या सेलांत कॅडमियम असते, जे पिकातून थेट आपल्या ताटात येते. शुद्ध करणे हेच तर कारखान्याचे काम.

आमच्या घरचे सांगायचे तर अकरा बारीक सेल आणि दोन बटणे चिकटपट्टी लावून बरणीत गेली. जाड सेलही गेले, फुटका तेवढा निराळ्या पिशवीत. मोबाईलची फुगलेली बॅटरी वाळूच्या कुंडीत अंगणाच्या टोकाला आहे. येत्या मंगळवारी धाकटा इंदूरला जाईल तेव्हा सेवा केंद्रात देईल. फवारणी पंपाची बॅटरी ज्या दुकानातून घेतली त्याची पावती मात्र अजून सापडलेली नाही, ती शोधणे चालू आहे.